दाताचं माप आणि टूलरूमचा मायक्रोमीटर



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दाताच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर हल्ली एक नवी ओळ दिसते: ‘डिजिटल स्कॅनिंगची सोय’. कॅप किंवा ब्रिज बसवायचा तर पूर्वी ट्रेमध्ये मसाला भरून तो तोंडात दाबून धरत आणि पेशंटला उमासे येत. आता एक जाडसर दांडी तोंडात फिरवली की समोरच्या पडद्यावर दात उमटत जातात. पेशंट खूश होतो, डॉक्टरही होतो. हे चित्र कितपत खरं असतं, आणि ते खरं उतरण्यात यंत्राचा वाटा किती व हाताचा किती, याविषयी मला आज बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगते. हाताचा वाटा आपण धरून चालतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. आणि तो तपासायची विद्या आमच्या दवाखान्यांत स्कॅनर येण्याच्या कितीतरी आधीपासून अंबरनाथच्या कारखान्यांत आहे.

जुन्या पद्धतीची बदनामी मला करायची नाही. ट्रेमधला तो मसाला म्हणजे अल्जिनेट, समुद्री शेवाळापासून काढलेला. उघड्यावर ठेवला की त्यातलं पाणी सुटतं आणि माप आकसतं. पाण्यात बुडवून ठेवला तर फुगतं. म्हणून माप घेतलं की लगेच प्लास्टर ओतायचं, हा नियम. ते जमणार नसेल तर माप ओल्या कापसात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॅबच्या मुलाच्या हाती द्यायचं. तो बदलापूरला लोकल पकडणार, मेगाब्लॉक असला की कल्याणला खोळंबणार. मे महिन्याच्या उन्हात त्या मापाचं काय झालं, ते आम्हाला कॅप बसवताना कळायचं. सिलिकॉनचं माप टिकाऊ, पण महाग. स्कॅनरने हा प्रवासच मिटवला, हे त्याचे मोठे उपकार आहेत. फाइल लॅबमध्ये तत्काळ पोचते, आणि कुठे खोट असेल तर पेशंट खुर्चीत असतानाच टेक्निशियनचा फोन येतो.

कल्पना तशी जुनी आहे. प्रकाशाच्या साह्याने दाताचं माप घेता येईल, असं फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्यूरे यांनी १९७३ साली आपल्या प्रबंधात मांडलं. झुरिक विद्यापीठात वेर्नर म्योर्मान आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी १९८५ साली तोंडात कॅमेऱ्याने माप घेऊन, त्याच बैठकीत सिरॅमिकचं भरण बसवून दाखवलं. तेव्हा दातांवर पांढरी पावडर फवारावी लागे, कारण चकचकीत दातावरून प्रकाश हवा तसा परतत नसे. आजच्या बहुतेक स्कॅनरना तिची गरज नाही.

आता हे माप किती बारीक लागतं? ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा १९५३ सालच्या आपल्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना मायक्रॉन समजावून सांगायची गरज नाही. साध्या मायक्रोमीटरवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १० मायक्रॉन. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी १९७१ साली, पाच वर्षांत बसवलेल्या हजाराहून जास्त कामांच्या आधारे, कॅपची कड आणि दात यांच्यात १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालते असं मांडलं. आजही बहुतेक जण तोच आकडा धरून चालतात. म्हणजे मायक्रोमीटरची बारा घरं. एवढ्यात माप, डिझाइन, मिलिंग, भट्टी आणि सिमेंट या सगळ्यांचं भागलं पाहिजे. फट जास्त राहिली तर तिथलं सिमेंट झिजतं, खाली जंतू शिरतात, दात आतून किडत जातो. आणि हे त्या दिवशी दिसत नाही, पुढे काही वर्षांनी दिसतं.

अचूकतेचे दोन भाग आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. मोजमापाच्या ५७२५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ते वेगळे केले आहेत. माप खऱ्या लांबीच्या किती जवळ आहे, हा एक. आणि तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं तर दरवेळी तेच येतं का, हा दुसरा. शून्य सरकलेला मायक्रोमीटर दरवेळी अगदी एकसारखं, पण चुकीचं माप देतो. दवाखान्यात नेमकं हेच घडतं. डॉक्टर दोनदा स्कॅन करतो, दोन्ही चित्रं जुळतात, आणि तो निर्धास्त होतो. ती जुळली म्हणजे ती पेशंटच्या दातांशी जुळली असं नव्हे.

चूक शिरते कुठून? आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची एक गोष्ट इथे सांगते. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे मंदिर. १८६८ साली सरकारी हुकमावरून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी यांच्या हाताखालच्या मंडळींनी त्याची रेखाटनं केली, छायाचित्रं काढली आणि शिल्पांचे साचे घेतले. मोठ्या कोरीवकामाचा साचा एकसंध निघत नाही. तुकड्यातुकड्यांनी काढून जोडावा लागतो, आणि कारागिराची परीक्षा त्या जोडांवर होते. स्कॅनरचंही तसंच आहे. त्याला एका वेळी फार तर एक-दोन दात दिसतात. तो भराभर चित्रं घेतो, आधीच्या आणि नंतरच्या चित्रातला सामाईक भाग ओळखतो आणि त्यावरून ती जोडत जातो. एका दाढेची कॅप असेल तर जोड थोडे, चूक साठायला वाव नाही. तिथे चांगल्या हातातला स्कॅनर सिलिकॉनच्या मापाला हार जात नाही. पण एका बाजूच्या शेवटच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेपर्यंत अख्खी कमान घ्यायची, तर प्रत्येक जोडाची बारीकशी चूक पुढच्यात मिसळते. ड्रॉइंगवर एकापुढे एक मापं लावली की टॉलरन्स कसा साठत जातो, हे फिटरला माहीत असतं. सगळ्यात नाजूक जागा खालच्या पुढच्या दातांची. ते अरुंद, सपाट, एकमेकांसारखे. सॉफ्टवेअरला खूणगाठ सापडत नाही आणि कमान तिथे किंचित उघडते किंवा मिटते. दात नसलेल्या तोंडात तर गुळगुळीत हिरडीच हिरडी, म्हणून कवळीचं माप आजही मी मसाल्याने घेते.

इम्प्लांटच्या बाबतीत ही चूक जास्त महागात पडते. नैसर्गिक दात हाडात गच्च बसलेला नसतो, सभोवतालच्या तंतूंमुळे तो मिलिमीटरच्या काही शतांशांइतका का होईना, हलतो आणि थोडी चूक पोटात घालतो. इम्प्लांट हाडाला थेट जखडलेला. चार-सहा इम्प्लांटवरचा ब्रिज ताण न देता बसला नाही, तर स्क्रू सैल होतात, मोडतात.

आता हाताविषयी. खालच्या जबड्याचं एक चांगलं स्कॅनिंग कसं होतं ते पाहा. दात वाळवलेले असतात, गाल आणि जीभ आरशाने दूर धरलेली असते, खुर्चीवरचा झगझगीत दिवा बंद असतो, कारण तो प्रकाश स्कॅनरच्या प्रकाशात मिसळतो. सुरुवात मागच्या दाढेच्या चावण्याच्या बाजूपासून. तिथे खाचाखोचा भरपूर, सॉफ्टवेअरला पक्का पाया मिळतो. मग हळूहळू पुढे. सुळ्याशी आलं की हात एकदम वळवायचा नाही, दांडी किंचित डोलवत न्यायची. परत येताना जिभेकडची बाजू, शेवटी गालाकडची. कॅपसाठी घासलेल्या दाताची कड हिरडीखाली असेल तर आधी बारीक दोरा घालून हिरडी बाजूला सारायची, कारण जे प्रकाशाला दिसत नाही ते स्कॅनरलाही दिसत नाही.

नवशिका काय करतो? पडद्यावर भोक दिसलं की तिथेच दांडी घासत राहतो. लाळ साचलेली असते, प्रत्येक फेरीत चुकीची चित्रं भर घालतात, आणि शेवटी सॉफ्टवेअर ते भोक स्वतःच्या अंदाजाने बुजवून टाकतं. पडद्यावर छान गुळगुळीत दात दिसतो. तो दात पेशंटचा नसतो. तेवढा भाग पुसून, दात वाळवून पुन्हा घेणं, हा धीर शिकावा लागतो.

शिकण्याविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेग आधी येतो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१६ साली डेंटल हायजिनिस्टकडून दोन वेगवेगळ्या स्कॅनरनी पुन्हा पुन्हा स्कॅन करून घेतलं. सरावाने वेळ कमी होत गेला, पण दोन्ही यंत्रांवर सारखा नाही. म्हणजे एका यंत्रावर बसलेला हात दुसऱ्या यंत्रावर पुन्हा बसवावा लागतो. वेळ घड्याळात दिसतो, चूक दिसत नाही. म्हणून वेग वाढला की आपण शिकलो असं वाटू लागतं. अनेक दवाखान्यांत स्कॅनिंग सहायक मुली करतात. त्याला माझा आक्षेप नाही, त्यांचे हात पुष्कळदा आमच्यापेक्षा स्थिर असतात. पण त्यांना कंपनीच्या माणसाने एका दुपारी शिकवलेलं असतं आणि पुढे कोणी तपासत नाही.

आपल्या भागाची एक अडचण परदेशी अभ्यासांत क्वचितच सापडते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने गाल कडक होऊन तोंड दोन बोटांपुरतंच उघडणारे पेशंट माझ्याकडे येत राहतात. काही अगदी तरुण. त्यांच्या तोंडात ट्रे जातच नाही, तिथे स्कॅनर वरदान आहे. पण मागच्या दाढेशी दांडी वळायला जागा नसते, कोन चुकतो, चित्रं तुटक येतात. अशा तोंडासाठी लहान टोक वापरावं, थांबत थांबत घ्यावं, आणि एका बैठकीत अख्ख्या कमानीचा अट्टहास धरू नये.

मग स्कॅनिंग तपासायचं कसं? रेझिनचं एक पक्कं मॉडेल घ्या. दोन्ही शेवटच्या दाढांवर आणि समोर मध्ये, अशा तीन गोळ्या त्यावर घट्ट चिकटवा. गोळ्या चकाकी मारलेल्या नकोत, नाहीतर स्कॅनर फसतो. गोळ्यांच्या मध्यांमधली तिन्ही अंतरं टूलरूममध्ये सीएमएम, म्हणजे त्रिमितीय मोजणीच्या यंत्रावर मोजून घ्या. मग दवाखान्यातल्या प्रत्येकाने तेच मॉडेल स्कॅन करायचं, आणि कॉम्प्युटरवर तीच अंतरं काढून वहीत लिहायची: तारीख, कोणी केलं, कोणत्या यंत्राने, कॅलिब्रेशन कधीचं. जवळच्या गोळ्यांचं अंतर बरोबर आणि दाढ ते दाढ चुकलेलं निघालं, तर हात वळणावर घसरतो आहे. सगळीच अंतरं सारख्या प्रमाणात कमी-जास्त आली, तर संशय यंत्रावर. एका माणसाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक, तर कोणाला आणखी सराव हवा हे भांडणाशिवाय ठरतं. आणि हा सराव पेशंटच्या तोंडात होत नाही.

असं मॉडेल प्रत्येक दवाखान्याने करायलाच हवं असंही नाही. एकच मॉडेल तिन्ही गावांत फिरू शकतं, फक्त ते वर्षातून एकदा पुन्हा मोजलं जायला हवं, कारण रेझिनही काळाने आकार बदलतं. हे काम आम्हा डॉक्टरांना एकट्याने जमणार नाही. गोळ्या कशा बसवाव्यात, कोणत्या तापमानाला मोजाव्यात, हे या सभागृहातल्या निवृत्त टूलरूमवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. ज्यांची तयारी असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा. पहिलं मॉडेल याच पावसाळ्यात करायचा माझा विचार आहे.