ॲनिमेशनसाठी कोणते शिक्षण, कोणता मुख्य विषय?

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे एका मिनिटाच्या ॲनिमेशनपटात १,४४० चौकटी येतात आणि त्या घडवणारे हात सहसा एकाच माणसाचे नसतात. कोणी कथा स्टोरीबोर्डवर मांडतो, कोणी पात्रे आणि पार्श्वभूमी रेखाटतो. त्रिमितीच्या कामात पात्राचा आकार संगणकावर उभा करणारा मॉडेलर वेगळा आणि त्या आकारात हाडांचा सांगाडा बसवणारा रिगर वेगळा असतो. पात्राला हालवणारा ॲनिमेटर त्यांच्यानंतर येतो. पुढे प्रकाशयोजना, कंपोझिटिंग आणि ध्वनी ही कामे उरतात. बारावीनंतर "ॲनिमेशनला जायचे आहे" असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी नेमके कोणते काम आवडते, हे आधी ठरायला हवे. अभ्यासक्रम त्यानंतर निवडावा आणि संस्थेचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो आणि विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे त्यात खर्ची पडतात.

भारतात या कलेची पहिली पिढी ॲनिमेशनच्या पदवीशिवाय घडली. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला, तेव्हा काड्या एकेका चौकटीला किंचित हलवून चित्रित करण्याचे तंत्र त्यांनी स्वतःच्याच प्रयोगांतून साधले. १९५६ मध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईला आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात त्यांनी तरुणांना शिकवले. त्या तरुणांपैकी राम मोहन हे रसायनशास्त्राचे पदवीधर होते. पुढे तेच भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले. गुरूच्या शेजारी बसून काम शिकण्याची ती वाट आता अरुंद झाली आहे. स्टुडिओत पहिल्या दिवसापासून काम करून दाखवावे लागते, त्यामुळे शिकणे महाविद्यालयातच उरकावे लागते.

महाविद्यालयात जाण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत: डिझाइन, ललित अथवा उपयोजित कला आणि संगणकशास्त्र.

डिझाइनच्या मार्गावर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे, म्हणजे एनआयडीचे नाव आधी येते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत ॲनिमेशन फिल्म डिझाइन ही स्वतंत्र शाखा आहे. चार वर्षांच्या बी. डेस. अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष पायाभूत असते, शाखा त्यानंतर मिळते. प्रवेशासाठी डॅट ही दोन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पदवीचा अभ्यासक्रम व्यापक डिझाइनचा आहे, तर ॲनिमेशनचा स्वतंत्र अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीवर आहे. पदवीसाठी यूसीड परीक्षा असते. ती कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, पण सलग दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच. या परीक्षांत रेखाटनाबरोबर निरीक्षणाची आणि कल्पकतेची कसोटी लागते. पाठांतराच्या शिकवणीने ती पार होत नाही. हे अकरावीतच कळले, तर वही आणि पेन्सिल घेऊन एसटी स्थानकावर, बाजारात बसण्याची सवय वेळेत लागते.

कलेचा मार्ग महाराष्ट्रात जुना आणि भक्कम आहे. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत चार वर्षांची बी.एफ.ए. पदवी मिळते. तिच्या नावात ॲनिमेशन नाही, म्हणून पालक ती बाजूला ठेवतात आणि ही मोठी चूक ठरते. गीतांजली राव याच संस्थेतून १९९४ मध्ये बाहेर पडल्या. ॲनिमेशन त्या बहुतांशी स्वतःच शिकल्या. त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरवला गेला आणि हाताने रंगवलेल्या चौकटींचा 'बॉम्बे रोझ' २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. शरीररचना, रंग, रचना आणि अक्षरांकन यांचे चार वर्षांचे शिक्षण कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काळ टिकते. पात्ररचना, स्टोरीबोर्ड किंवा पार्श्वभूमीचे काम करायचे असेल, तर हाच पाया लागतो.

सॉफ्टवेअरचे आयुष्य किती अल्प असते, हे एका पिढीने पाहिले आहे. फ्लॅशवर शिकलेल्यांना काही वर्षांतच नवी साधने शिकावी लागली. दुसरीकडे, २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅट्व्हियाचा 'फ्लो' ब्लेंडर या कोणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तयार झाला. त्यामुळे माहितीपत्रकात कोणत्या महागड्या सॉफ्टवेअरची नावे आहेत, याला फारसा अर्थ नाही. ताण-आकुंचन, पूर्वहालचाल, वेगाचा चढउतार अशी बारा तत्त्वे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडली. त्यांचा सराव किती तास होतो, हा प्रश्न प्रवेशापूर्वी विचारायला हवा.

तिसरा मार्ग संगणकशास्त्राचा. गणित आवडणाऱ्या विद्यार्थ्याला तो सहसा कोणी सुचवत नाही. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये यूटा विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या पिढीच्या संशोधनावरच १९९५ चा 'टॉय स्टोरी' उभा राहिला. केस, कापड, पाणी, धूर यांच्या हालचालींमागे भौतिकशास्त्र आणि रेषीय बीजगणित असते. रिगिंग, प्रभावांचे काम किंवा स्टुडिओसाठी साधने लिहिण्याचे काम करायचे असेल, तर अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राची पदवी आणि तिच्या जोडीने रेखाटनाचा वर्ग, अशी सांगड उत्तम ठरते.

विद्यापीठांच्या बी.एस्सी. ॲनिमेशन, बी.व्होक. आणि खासगी संस्थांच्या पदविका यांची संख्या मोठी आहे आणि दर्जात फार तफावत आहे. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का, हे पाहावे, कारण पुढे परदेशात किंवा पदव्युत्तर शिक्षणाला जाताना तिची गरज पडते. आणि मागील दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे अंतिम वर्षाचे लघुपट मागून पाहावेत. जाहिरातीतल्या पगारापेक्षा त्या लघुपटांतून शिक्षकांची पत जास्त स्पष्ट दिसते. असे लघुपट दाखवायला संस्थेकडे नसतील, तर तेथील शुल्क भरण्याआधी थांबावे.

नोकरीच्या बाजूचेही भान हवे. भारतीय स्टुडिओंकडे परदेशी मालिका आणि चित्रपटांचे बरेचसे काम येते, तेव्हा कथा आणि पात्रे बहुधा तिकडेच ठरलेली असतात. येथे होते ते पुढच्या टप्प्यांचे काम. त्यामुळे स्वतःच्या गोष्टी सांगू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने असा अभ्यासक्रम निवडावा, ज्यात प्रत्येकाला शेवटी स्वतःचा लघुपट पूर्ण करावा लागतो. नोकरीसाठी एक-दीड मिनिटाचे नेटके शोरील लागते. त्यात सर्वांत चांगले काम आधी ठेवावे आणि कच्चे काम गाळावे.

ज्यांची पदवी आधीच दुसऱ्या विषयात झाली आहे, त्यांनाही वाट खुली आहे. बारावीनंतरचा किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना सीड परीक्षेतून आयडीसीच्या एम. डेस.ला अर्ज करता येतो. कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत पदवीधरांसाठी ॲनिमेशन सिनेमाची शाखा आहे. साहित्य, मानसशास्त्र किंवा वास्तुकला शिकून आलेला विद्यार्थी तेथे मागे पडत नाही. पात्र का चालते हे साहित्याच्या विद्यार्थ्याला, आणि ते कोणत्या जागेतून चालते हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला बहुतेकांपेक्षा आधी कळते.