बोट दाखवणारे शब्द



  वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा या परिषदेच्या अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. निबंधांचे सारांश आपल्या हातात आहेतच, म्हणून तो आढावा बाजूला ठेवून मी एकच गोष्ट बोलणार आहे. ग्रीक भाषेतली दर्शक सर्वनामे आपण चुकीची शिकवत आलो आहोत, आणि त्यापायी ग्रीक नाटक आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

तक्ता सगळ्यांना पाठ आहे. होदे म्हणजे जवळचा, हूतोस म्हणजे जरा पलीकडचा, एकेइनोस म्हणजे दूरचा. हा तक्ता आपल्याकडे इतका घट्ट बसला, कारण आपल्यातले बहुतेक जण संस्कृत शिकून ग्रीककडे वळले. इदम् जवळचे, एतद् त्याहून जवळचे, अदस् लांबचे, तद् डोळ्यांआडचे, ही परंपरागत मांडणी लहानपणीच अंगात मुरलेली असते. तीच मोजपट्टी आपण ग्रीकला लावली. पण ग्रीकमध्ये अंतराच्या आधी माणूस येतो. होदे बोलणाऱ्याच्या बाजूचा, हूतोस ऐकणाऱ्याच्या समोरचा किंवा दोघांच्या बोलण्यात आधीच आलेला. कार्ल ब्रुगमान यांनी इंडो-युरोपीय दर्शकांवरच्या 1904 मधल्या ग्रंथात 'मी' आणि 'तू' यांच्या अनुरोधाने विभागणी मांडली होती. शंभर वर्षे उलटली, तरी आपल्या टिपणवह्यांत ती आलेली नाही.

अंतरवाद्यांनी मला दोन गोष्टींचा उलगडा करून द्यावा. ग्रीक माणूस समोरच्याला हटकताना नुसते 'हूतोस' म्हणतो, आपण 'अरे ए' म्हणतो तसे. यात पलीकडचा कोण आला? दुसरे, अथेन्सच्या न्यायसभेत प्रतिपक्षी काही पावलांवर बसलेला असे आणि वक्ता त्याला हूतोसच म्हणे. इ.स.पू. 330 मध्ये डेमॉस्थेनीस ईस्किनीसविषयी असाच बोलला. आवेश वाढला की शब्दाच्या शेवटी ठसक्याचा 'ई' जोडून 'हूतोसी' म्हणत. ॲरिस्टोफनीसच्या विनोदी नाटकांत ही रूपे विपुल आहेत. ज्युरीने मान वळवून त्या माणसाकडे बघावे, हे काम तो एक स्वर करत होता.

होदेचे नाते तर थेट हाताशी आहे. इस्किया बेटावर 1954 मध्ये एका थडग्यात मातीचा पेला सापडला. इ.स.पू. आठव्या शतकातला. त्याच्यावरच्या तीन ओळी ग्रीक वर्णमालेतल्या सर्वांत जुन्या लेखनापैकी आहेत, आणि त्यांत 'तोदे' हे होदेचेच रूप आहे. पेला स्वतःकडे बोट दाखवतो. ग्रीकांनी लिहायला घेतले तेव्हा पहिल्या काही शब्दांत हा शब्द होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता नाटक. ग्रीक शोकांतिकांच्या हस्तलिखितांत रंगसूचना जवळपास नाहीतच. मुखवट्यांमागे दोन-तीन नट, समोर हजारो प्रेक्षक. कोण आला, कोणाकडे पाहायचे, हे होदे सांगतो. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त पहारेकरी नायिकेला पकडून आणतो, तेव्हा एकाच ओळीत तिला 'ही' म्हणतो आणि 'ती'ही म्हणतो. इतका वेळ जिच्याविषयी नुसते बोलणे चालले होते, ती आता डोळ्यांसमोर उभी आहे. पुढे इस्मिनी आपल्या बहिणीविषयी, अँटिगनीविषयी, 'ही' असा उल्लेख करते, तेव्हा राजा क्रेऑन तिला तो शब्द उच्चारायलाच मना करतो, कारण त्याच्या लेखी अँटिगनी आता उरलेलीच नाही. अँटिगनी तर तिथेच उभी आहे! जिवंत मुलीवरून एक सर्वनाम काढून घेणे, हीच क्रेऑनने तिला दिलेली पहिली शिक्षा आहे. गुहेत कोंडणे नंतरचे.

शोकांतिकेतला होदे वृत्तपूर्तीसाठी येतो, असे आपले काही सहकारी आजही लिहितात. त्यांना मी तालमीतला एक अनुभव सांगतो. एका मराठी प्रयोगासाठी मला सल्लागार म्हणून बोलावले होते. संहितेत 'ही' गाळून सगळीकडे 'अँटिगनी' हे नाव घातलेले होते. नावामुळे अर्थ स्पष्ट होतो, असे अनुवादकाचे म्हणणे. इस्मिनी करणारी मुलगी ते वाक्य जमिनीकडे बघत म्हणत होती, आणि क्रेऑनचे उत्तर कोणालाच लागत नव्हते. मी 'ही' परत घालायला लावले. दिग्दर्शकाने काहीही सांगितले नाही, तरी मुलीचा हात बहिणीकडे गेला, आणि क्रेऑन त्या हातावरच ओरडला. वृत्तपूर्तीच्या शब्दाने हात उचलला जात नाही. माझ्या दृष्टीने वाद तिथेच मिटला.

गद्याचेही तेच. इतिहासकार थ्युसिडिडीस कोणाचे भाषण उद्धृत करताना बहुधा आधी 'तोइआदे' आणि शेवटी 'तोइआउता' लिहितो, होदे आणि हूतोस यांच्याच धर्तीवरची ही रूपे, म्हणजे 'अशा प्रकारचे'. वक्त्यांचे नेमके शब्द लक्षात ठेवणे अवघड होते, हे त्याने पहिल्याच भागात सांगून ठेवले आहे. त्या 'अशा'चे 'हे' करणारा अनुवादक इतिहासकाराच्या तोंडी न केलेला दावा घालतो.

आपल्या भाषेला हे जमत नाही, हे मला मान्य नाही. 'हा बघा', 'हीच ती', 'तो तसला' हे सगळे मराठीत रोज चालते. दर्शकांच्या प्रयोगांची एक मराठी सूची करावी आणि निदान एका शोकांतिकेला हातवाऱ्यांच्या टिपा जोडाव्यात, असे मनात आहे. तरुणांनी पुढे यावे, तपशील बसून ठरवू. पण एक गोष्ट उद्याच करता येईल. वर्गात तो तक्ता फळ्यावर लिहू नका. दोन विद्यार्थी उभे करा, एकाच्या हातात वस्तू द्या आणि ग्रीकमध्ये बोलायला लावा. आणि अनुवाद करणाऱ्यांना माझी विनंती आहे, सोफोक्लीसचा एकही 'हा' आणि एकही 'ही' गाळू नका.