शून्य आणि रिकामें घर

चांदूर बाजारच्या एखाद्या अडत्याच्या वहींत दोन शेतकऱ्यांच्या कापसाचें वजन मांडावयाचें आहे असें समजा. पहिल्याची गाडी तीन दिवस आली: १२, १८, १५ क्विंटल, दुसऱ्याची दोनच दिवस: १०, १४. गणकयंत्रांत या ओळी एकीखालीं एक जोडावयाच्या, तर दुसरीच्या तिसऱ्या घरांत काय लिहावयाचें?

केनेथ आयव्हर्सन यांनीं १९६२ सालीं ग्रंथरूपानें मांडलेल्या चिन्हलिपींतून ‘एपीएल’ ही भाषा निघाली. एका चिन्हासरशीं सबंध कोष्टक चालविणारी ही भाषा. पण तिचें जोडणीचें चिन्ह अशा विषम ओळी एकीखालीं एक रचीत नाहीं, लांबी जुळत नाहीं असें सांगून थांबतें. आयव्हर्सन व रॉजर हुई यांची १९९० मधील ‘जे’ भाषा मात्र उदार! ती रिकाम्या घरांत मुकाट्यानें शून्य घालते. बेरजेस तें बाधत नाहीं; सरासरी मात्र १२ ची ८ होते. न आलेली गाडी रिकामी आली असें वहीच बोलूं लागते, आणि या आंकड्यावरून उचल ठरली तर शेतकऱ्यास तृतीयांश कमी मिळते. तो एकदांच आला असता व आपण १० हा सुटा आंकडा जोडला असता, तर ‘जे’ १०, १०, १० लिहिते. एका आंकड्याची ओळ म्हणून दिला, तरच १०, ०, ०. नवशिक्यास हा भेद फार भोंवतो.

मला एपीएलचा हट्टीपणाच बरा वाटतो. ‘जे’मध्यें जोडतांना शून्याऐवजीं दुसरा आंकडा भरण्याची सोय आहे खरी, पण तोही सरासरींत शिरणारच. त्यापेक्षां प्रत्येक ओळ त्या भाषेंतील स्वतंत्र पेटींत बंद करावी, पेट्या जोडाव्या आणि सरासरी पेटीगणिक काढावी. मग उत्तरें १५ आणि १२ अशींच येतात.