शपथ आणि वही

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात चार शब्द बोलावेत, असे कार्यवाहांचे पत्र आले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी मला दिली होती. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधुवर सूचक मंडळ हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय. ते सोडून मी व्यसनाचा विषय काढावा, हे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. मंगल प्रसंगी अमंगल कशाला, असेही कोणी म्हणतील. परंतु आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर विवाहेच्छू तरुणांच्या माहितीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द ओळीने छापलेला आपण दरवर्षी वाचतो. तो शब्द सर्वत्र खरा असता, तर हा विषय काढण्याचे मला कारण पडले नसते.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. माझे एक चुलते मद्याच्या आहारी गेले होते. मनुष्य कर्तबगार, हिशोबास चोख आणि मुलांत मूल होऊन रमणारा. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडून तीन वेळा शपथ घेवविली. पहिली आजीच्या पायांवर हात ठेवून, दुसरी कुलदैवतासमोर आणि तिसरी चार प्रतिष्ठित ज्ञातिबांधवांच्या साक्षीने. तिसरी शपथ त्यांनी अकरा महिने पाळली. मग घरच्याच एका लग्नात, वऱ्हाडी मंडळींच्या आग्रहास बळी पडून, मांडवामागे त्यांनी एक पेला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकूंना म्हणाले, “आता काय उरले? देवाचीही शपथ मोडली.” त्या दिवसापासून जे सुरू झाले ते थांबलेच नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी यकृताच्या विकाराने ते गेले.

घरातील सर्वांनी एकच निष्कर्ष काढला : ह्या माणसाच्या शब्दास किंमत नाही. परंतु अकरा महिने त्यांनी एक थेंबही न घेता कसे काढले, आणि त्या रात्री मांडवामागे नेमके काय घडले, हे दोन प्रश्न त्यांना कोणीही विचारले नाहीत. पुढे मी मानसशास्त्राचा अभ्यास करू लागलो तेव्हा मला उमगले की, व्यसनावरील एका फार उपयुक्त उपचाराचा प्रारंभ ह्याच दोन प्रश्नांनी होतो. त्या उपचाराचा परिचय करून देणे, हाच आजच्या माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

इंग्रजीत ज्यास कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात, त्यास आपण बोधात्मक वर्तनोपचार म्हणू. त्याचे मूळ तत्त्व साधे आहे. बाहेर एखादी घटना घडते. तिच्याविषयी मनात एक विचार चमकून जातो. त्या विचारातून भावना उत्पन्न होते आणि भावनेच्या भरात माणूस कृती करतो. घटना आपल्या हाती बहुधा नसते. मनातील विचार मात्र पकडता येतो, तपासता येतो आणि सरावाने बदलताही येतो. अमेरिकेत डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५० नंतरच्या दशकात आणि डॉ. ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात ह्या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविली, ही आपणा मराठी भाषकांस अभिमानाची गोष्ट होय. व्यसनाच्या बाबतीत ह्या विद्येचा विशेष उपयोग ॲलन मार्लॅट ह्या मानसशास्त्रज्ञांनी दाखविला. व्यसन सुटल्यावर ते पुन्हा का जडते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता आणि १९८५ साली त्यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९९३ साली बेक यांनीही व्यसनांवरील उपचारासंबंधी सहकाऱ्यांसह पुस्तक लिहिले.

आता हा उपचार प्रत्यक्ष चालतो कसा, ते सांगतो. समुपदेशक रुग्णास उपदेश करीत नाही; तो त्याच्या हाती एक वही देतो. समजा, एक गृहस्थ सायंकाळी सहा वाजता कचेरीतून निघतात. साहेबांनी त्या दिवशी चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला आहे. स्टेशनच्या वाटेवर नेहमीचे दुकान लागते. “आजचा दिवस फारच वाईट गेला, आज घेतली तर काय बिघडते,” असा विचार येतो आणि पावले आपोआप वळतात. घरी पोहोचल्यावर ते म्हणतात, “कशी घेतली, मला कळलेच नाही.” हे ते खोटे बोलत नसतात. दीर्घ सवयीने मेंदू ती वेळ, ती वाट, तो अपमान आणि तो पेला ह्यांची सांगड इतकी घट्ट घालतो की, मधला विचार लक्षातच येत नाही. वहीत हे सारे क्रमाने लिहावयाचे असते : स्थळ कोणते, वेळ कोणती, सोबत कोण होते, मनात कोणते वाक्य आले, जिवास कसे वाटले, पुढे काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला. दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे वही लिहिली की, तीच ती चार-पाच ठिकाणे आणि तीच ती चार-पाच वाक्ये पुन्हा पुन्हा दिसू लागतात. अदृश्य शत्रू दृष्टीस पडतो.

मार्लॅट यांस असे आढळून आले की, व्यसन पुन्हा जडण्याचे बहुतांश प्रसंग तीन प्रकारचे असतात : उदासी, संताप, चिंता यांसारख्या त्रासदायक भावना, घरातील अथवा बाहेरील भांडण, आणि इतरांचा आग्रह. त्या प्रत्येकासाठी पूर्वतयारी करता येते. धोक्याची वाट टाळता येते. सायंकाळच्या रिकाम्या वेळेस दुसरे काम नेमून ठेवता येते. “एकानेच काय होते” ह्या वाक्यास कोणते उत्तर द्यावयाचे, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवता येते. आग्रहास नकार कसा द्यावा, ह्याची तर नाटकाच्या तालमीसारखी तालीम समुपदेशकासमोर केली जाते. आपल्यास हे हास्यास्पद वाटेल. पण आमचे काका मांडवामागे अडले ते नेमके ह्याच ठिकाणी. “नको” हा शब्द भिडेच्या माणसांसमोर उच्चारण्याचा सराव त्यांस कधी नव्हताच.

तलफेविषयीही एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. तलफ आली की ती वाढतच जाणार आणि शेवटी आपणांस बुडविणार, असे व्यसनी माणसास वाटते. वस्तुतः ती समुद्राच्या लाटेसारखी चढते आणि तशीच ओसरते. तेवढा वेळ तिच्याशी झुंजत न बसता, तिच्याकडे पाहात, श्वास मोजीत, कोणाशी बोलत काढावयास ह्या उपचारात शिकवितात. दहा लाटा अशा पाहिल्या की, अकराव्या लाटेचे भय उणावते.

परंतु ह्या विद्येतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे. इतके करूनही एखादे दिवशी माणसाचा पाय घसरतो. त्या एका पेल्याने होणाऱ्या हानीपेक्षा, “शपथ मोडली, मी नालायकच आहे, आता सोडून तरी काय उपयोग,” ह्या विचाराने होणारी हानी कितीतरी अधिक असते, असे मार्लॅट यांनी दाखवून दिले. पाय घसरणे निराळे आणि दरीत कोसळणे निराळे. त्या दोहोंमध्ये हा एक विचार उभा असतो. उपचारात त्या दिवसाचीही नोंद वहीत होते. काय घडले, कोणती तयारी कमी पडली, पुढच्या वेळी काय करावयाचे, हे लिहून दुसऱ्या दिवसापासून क्रम पुढे चालू राहतो. शपथेत अशी सोय नाही. शपथ अखंड असते किंवा मोडलेली असते. अकरा महिन्यांची कमाई ती एका रात्रीत शून्य करून टाकते.

हा उपचार म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण आहे, असा माझा दावा नाही. अमेरिकेत १,७२६ मद्यासक्त रुग्णांवर प्रोजेक्ट मॅच ह्या नावाने एक मोठी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. बोधात्मक वर्तनोपचार, रुग्णाची इच्छाशक्ती जागविणारे अल्पकालीन समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर आधारलेली पद्धती, अशा तिन्हींची त्यात तुलना होती. तिन्ही गटांतील रुग्णांत चांगली सुधारणा झाली आणि गटागटांतील अंतर थोडेच निघाले. मार्ग अनेक आहेत. त्यांपैकी एक तरी धरला पाहिजे, हाच ह्याचा अर्थ. पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले मुक्तांगण आपणा सर्वांस ठाऊक आहेच.

गोव्यातील एक प्रयोग तर आपल्या अगदी शेजारचा. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हानिकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास झाला आणि तो २०१७ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांस नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली आणि निम्म्यांस तिच्या जोडीला थोड्या बैठकांचे समुपदेशन. इच्छाशक्ती जागविणे आणि मोहाच्या प्रसंगी वागण्याची कौशल्ये शिकविणे असे त्याचे स्वरूप होते. तीन महिन्यांनी समुपदेशन लाभलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. विशेष हे की, समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते अथवा मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. खास शिक्षण दिलेली ती सामान्य माणसे होती.

येथे एक सावधगिरीची सूचना देतो. अनेक वर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्या माणसाने ते एकाएकी बंद केल्यास हातापायांस कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि प्रसंगी ते जिवावरही बेततात. म्हणून अशा माणसाची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे; वहीचे काम त्यानंतरचे. तसेच, त्याच्या नकळत जेवणातून औषध घालण्याचा प्रकार कित्येक घरांत चालतो, तो सर्वथा त्याज्य होय. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना मद्य घेतले तर ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली जातो आणि प्राणास धोका संभवतो. ते औषध रुग्णाच्या संमतीने व वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावयाचे असते.

बंधुभगिनींनो, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांस मद्यपानामुळे मदतीची गरज आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी कसाबसा एकजण कोणत्याही उपचारापर्यंत पोहोचतो. उरलेले सदतीस कोठे असतात? ते घरांत असतात. “पोटाचा त्रास आहे,” “कामाचा ताण आहे,” असे सांगून आपणच त्यांस झाकून ठेवतो. त्यांपैकी काहींची लग्ने आपण लावून देतो. “लग्न झाले की सुधारेल” हे वाक्य आपल्या समाजात जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्याच सहजपणे एका परक्या घरच्या मुलीचे आयुष्य त्या उपचारासाठी खर्ची पडते. काकूंचे लग्न ह्याच वाक्यावर जमले होते. काकांच्या मागे त्यांनी शिवणकाम करून दोन मुले वाढविली. शब्द म्हणून कोणास बोलल्या नाहीत. परंतु त्यांच्या न बोलण्यास आपण समाधान समजू नये.

म्हणून ह्या संस्थेपुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, साहाय्यनिधीतील काही रक्कम व्यसनोपचाराच्या खर्चासाठी राखून ठेवावी आणि ती घेणाऱ्याचे नाव अध्यक्ष व कोषाध्यक्ष यांखेरीज कोणास कळू नये. दुसरी, आपल्या सुशिक्षित तरुण-तरुणींपैकी दोघा-तिघांस चांगल्या संस्थेत समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेण्यास पाठवावे. गोव्यात जे झाले ते आपणांस अशक्य नाही. तिसरी, वधुवर सूचीतील ‘निर्व्यसनी’ हा छापील शब्द काढून टाकावा आणि त्या जागी प्रत्येकाने आपल्या सहीनिशी खरी माहिती द्यावी. “पाच वर्षांपासून व्यसनमुक्त” असे लिहिणारा तरुण पुढे आला, तर त्याच्या धैर्याचा आपण आदर करावा. त्यास नाकारण्याचा हक्क मुलीकडच्यांस आहेच, परंतु फसविण्याचा हक्क कोणासही नाही. आणि ज्या घरास आज रात्रीच मदत हवी असेल, त्याने १४४४६ ह्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यवाहिनीवर संपर्क साधावा.

घरातील कोणी व्यसनाशी झगडत असेल तर त्याची शपथ घेऊ नका. आज किती दिवस झाले, हे त्यास विचारा. तो घसरला तर, “काय घडले होते?” हे रागावाचून विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. आमच्या काकांस त्या सकाळी एवढे विचारणारा कोणी भेटला असता, तर कदाचित आज ते ह्याच सभागृहात पुढच्या रांगेत बसलेले आपणांस दिसले असते.