एक संकेतस्थळ, अनेक पानें

इंटरनेटवर १९९४ सालीं ‘याहू’ची विषयवार सूची सुरू झाली आणि १९९८ सालीं स्वयंसेवक संपादकांच्या श्रमांवर चालणारी ‘डीमॉझ’ ही सूची निघाली. संकेतस्थळ वाचावयाचें, त्याचा वर्ग ठरवावयाचा आणि एकदोन ओळींत त्याची ओळख द्यावयाची, हें या सूचींचें कार्य. ग्रंथालयांतील विषयवार कार्डांच्या खणांचीच ही नवी आवृत्ति होती.

सूचींत वारंवार दिसावें म्हणून पुष्कळ स्थळचालक आपलें एकेक पान निरनिराळ्या वर्गांत घुसवूं पाहत. एकाच दुकानदारानें पेठेंतील सर्व पाट्यांवर आपलेंच नांव रंगवावें, तसा तो प्रकार. म्हणून डीमॉझचा सामान्य नियम असा होता कीं, नोंद करावयाची ती स्थळाच्या मुखपृष्ठाची. मात्र आंतील एखादें पान स्वतंत्रपणें मोलाचें असेल, तर संपादक त्याचीहि नोंद करूं शकत.

या अपवादाचें महत्त्व सातारा जिल्ह्यांतील वाईकडे पाहिलें म्हणजे पटतें. तेथें मराठी विश्वकोशाचें काम चालतें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. आतां त्यांतील नोंदी संकेतस्थळावरहि वाचावयास मिळतात. हें स्थळ केवळ ‘कोश’ या वर्गांत टाकलें, तर हळदीची माहिती शोधणारा सांगलीचा व्यापारी तिच्यापर्यंत पोहोंचावा कसा? त्याला कोश नको असतो, हळद हवी असते.

स्थलवार वर्गांत अडचण आणखी वाढते. १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला ‘सांगली’ हें नांव मिळालें. १९४३ चें प्रतिसरकार साताऱ्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. पण क्रांतिसिंह नाना पाटील यांचें येडेमच्छिंद्र हें गांव आज सांगली जिल्ह्यांत आहे. अशा पानाचा निर्देश दोन्ही जिल्ह्यांखालीं होणें ही हांव नव्हे, वाचकाची सोय आहे. एकाच जिल्ह्याखालीं तें ठेविलें, तर दुसरीकडे शोधणाऱ्याच्या लेखीं तो इतिहास नाहींसाच होतो.

याहूची सूची २०१४ च्या अखेरीस आणि डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजीं बंद झाली. आतां शोधयंत्रें एकेक पान स्वतःच वाचून त्याची नोंद ठेवतात. एकाच मजकुराच्या अनेक प्रती आढळल्या, तर बहुधा त्यांतील एकच पुढें करतात. म्हणून एखादें वाचनालय किंवा शाळा आपल्या गांवाचा इतिहास संकेतस्थळावर ठेवीत असेल, तर तिनें प्रत्येक पानास वेगळें व नेमकें शीर्षक द्यावें, जुन्या व नव्या जिल्ह्याचें नांव मजकुरांत घालावें आणि तें पान इतर पानांशीं दुव्यानें जोडावें. सर्व पानांना संस्थेचें एकच नांव दिलें, तर आंतला मजकूर कितीहि मोलाचा असला तरी शोधणाऱ्याला त्याचा पत्ता लागणें कठीण.