ठिणगी आणि तीन कपॅसिटर
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हाइनरिश हर्ट्झने १८८७च्या सुमारास कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत रेडिओलहरी निर्माण केल्या आणि ओळखल्या, त्या ठिणगीतून. मार्कोनीची सुरुवातीची प्रेषणयंत्रेही ठिणगीवरच चालत. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीत ब्रशची मोटर असते तेव्हा तीच ठिणगी गाडीच्या पोटात अखंड पडत असते. गाडी मध्येच दचकते, पुढची चाके थरथरतात, हुकूम न देता ती वळते, तेव्हा मुले रिमोटला दोष देतात. रिमोट बहुधा निर्दोष असतो. गाडीच्या आतच एक दुसरे प्रेषणयंत्र बसलेले आहे, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी हुकमावर चालणारी छोटी नौका लोकांना दाखवली. विजेची मोटर आणि हुकूम ऐकणारे यंत्र एकाच सांगाड्यात नांदवण्याची अडचण तेव्हापासूनची आहे. १९७६ साली तामियाने आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी, पोर्शे ९३४, बाजारात आणली. पुढे हा छंद जगभर पसरला आणि ‘५४०’ मापाची मोटर घरोघरच्या छांदिष्टांच्या टेबलावर आली. आपण तीच मोटर डोळ्यांसमोर ठेवू.

तिच्या आत तीन दातांचा फिरता गाभा आहे, तीन तुकड्यांचा कम्युटेटर आहे आणि त्यावर टेकलेले दोन ब्रश आहेत. एका फेऱ्यात सहा वेळा प्रवाहाची वाट बदलते. मोटर मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १,८०० वेळा प्रवाह तुटतो आणि दुसरीकडे जुळतो. वेटोळ्यातला प्रवाह अचानक तुटणे वेटोळ्याला मानवत नाही. प्रवाह जितक्या झटक्यात तोडाल तितका मोठा विद्युतदाब ते उलट उभा करते, आणि हवेतून ठिणगी उडते. ठिणग्या मोजून १,८०० असल्या, तरी त्यांतून निघणारी खरखर काही १,८०० हर्ट्झपाशी थांबत नाही. एकेक ठिणगी इतकी क्षणिक असते की तिची ऊर्जा शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरते. स्वस्त खेळण्यांचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात पुरता बुडतो. दूरवरच्या रिमोटकडून गाडीतल्या रिसीव्हरपर्यंत पोचतात ते जेमतेम काही मायक्रोव्होल्ट. ठिणगी मात्र चार बोटांवर असते.

म्हणून माझे ठाम मत आहे की खरखर अडवायची ती ब्रशपाशीच. एकदा ती वायरीत शिरली की वायर हीच अँटेना होते, आणि मग रिसीव्हरपाशी कितीही उपाय करा, ते उशिराचे ठरतात.

उपाय साधा आहे: ०.१ मायक्रोफॅरडचे, म्हणजे ज्यावर ‘१०४’ छापलेले असते असे, तीन सिरॅमिक कपॅसिटर. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये, आणि उरलेल्या दोघांपैकी एकेक प्रत्येक टोकापासून मोटरच्या डब्यापर्यंत. मोटर दोन्ही दिशांनी फिरते, त्यामुळे अधिक-उणे खुणेचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे चालत नाहीत. बॅटरी ७.२ व्होल्टची असली तरी कपॅसिटर ५० व्होल्टचा घ्यावा, कारण झटके बॅटरीच्या दाबाहून बरेच मोठे असतात. ‘मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त फायदा’ हेही खरे नाही. वेग नियंत्रित करणारी ईएससी सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते. दर वेळी तो कपॅसिटर भरावा लागतो, आणि त्याचा भार ईएससीवर पडतो.

पहिला कपॅसिटर सगळ्यांना समजतो. डब्याकडे जाणाऱ्या दोघांना पुष्कळ जण वगळतात, म्हणून तिथे जरा थांबतो. झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या एकदम सारख्याच उचलल्या तर पाट आडवाच राहतो, पण सगळा झोपाळा वर गेलेला असतो. तसेच, मोटरच्या दोन्ही टोकांवर खरखर एकाच वेळी सारखीच उसळली तर त्यांच्यामधला फरक शून्य. मधल्या कपॅसिटरला तिचा पत्ताच लागत नाही आणि दोन्ही वायरी मिळून एकच अँटेना बनतात. या खरखरीला परतीची जवळची वाट हवी असते, आणि ती वाट म्हणजे मोटरचा लोखंडी डबा. म्हणून ते दोन कपॅसिटर. कित्येक तयार मोटरींत कपॅसिटर आतच बसवलेले असतात, तेव्हा आधी तेवढे पाहून घ्यावे.

आता पाय. कपॅसिटरचे पाय लांब ठेवून, वरून छान वळवून केलेले काम देखणे दिसते, पण ते जवळजवळ निकामी असते. वायरीच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री धरा. दोन्ही पाय मिळून २० मिलिमीटर असले तर हा कपॅसिटर साडेतीन मेगाहर्ट्झच्या पुढे कपॅसिटरसारखा वागतच नाही, वेटोळ्यासारखा वागतो. २७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे साडेतीन ओहम होतो. पाय चार मिलिमीटरवर आणले की तोच पाऊण ओहमच्याही खाली उतरतो. पैसा एकही जास्त लागत नाही, लागते ती कातरी.

डब्यावर झाळणे हे खरे कौशल्य. डब्यावर मुलामा असतो, तो पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू वर आणा, फ्लक्स लावा आणि ६० वॅटची तरी झाळण्याची इस्त्री घ्या. २५ वॅटची इस्त्री डब्यापुढे थंड पडते, कथिल गोळा होऊन वर बसते आणि गाडी दोन उड्या मारताच सुटते. पण रेंगाळूही नका. आत चुंबके आहेत, ब्रशभोवतीचे प्लास्टिक आहे.

वायरींचे थोडक्यात. मोटरच्या दोन्ही वायरी आखूड ठेवून एकमेकींना पीळ द्या, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात. रिसीव्हर मोटरपासून आणि ईएससीपासून शक्य तितका दूर ठेवा. अँटेना कापू नका, गुंडाळूही नका. पुढची चाके वळवणाऱ्या सर्व्होच्या वायरीला मोटरच्या वायरीवरून जावेच लागले तर काटकोनात जाऊ द्या.

२.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आल्यावर हा विषय संपला, असे मानणारे बरेच आहेत. हवेतल्या खरखरीपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण ठिणगीचा जोर तितक्या वर फारसा पोचत नाही. पण खरखर पुरवठ्याच्या वायरीतूनही चालत येते, आणि मोटर झटक्याने सुरू झाली की बॅटरीचा दाब खाली बसतो. तो फार बसला तर रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे. ब्रशलेस मोटरला हे कपॅसिटर मुळीच लावू नयेत. तिथे ब्रश नाही, ठिणगी नाही. आणि ईएससी ज्या तीन वायरींतून मोटरची स्थिती ओळखते त्यांवर कपॅसिटर टाकला तर गाडी बिघडते, ईएससी जळू शकते.

तुमच्या गाडीची तपासणी अशी करा. मोकळ्या मैदानात सोबत्याला गाडी चाके अधांतरी धरून उभे करा. मोटर बंद ठेवून रिमोट घेऊन दूर चालत जा आणि स्टिअरिंग कुठे थरथरू लागते ती जागा पाहा. मग मोटर पूर्ण वेगाने फिरवून तेच पुन्हा करा. दोन्ही जागा जवळपास एकच आल्या तर काम चोख झाले. दुसरी बरीच अलीकडे आली तर रिमोट उघडू नका. आधी डब्यावरचे झाळलेले दोन सांधे नखाने हलवून पाहा.