घरगुती छायाचित्रांची व्यवस्था

जुन्या पेटींतून एखादें पिवळें पडलेलें छायाचित्र निघालें म्हणजे पुष्कळ घरांत तें प्रथम उलटून पाहण्याची चाल आहे. पाठीवर कोणीतरी पेन्सिलीनें लिहून ठेवलेलें असतें: नांवें, गांव, साल, क्वचित् प्रसंग. लिहिणारा गेला, पेटी बदलली, घर बदललें, तरी ती ओळ चित्राला चिकटून राहिलेली असते. याच्या उलट कांहीं टापटिपीचे गृहस्थ छायाचित्रांना अनुक्रमांक देऊन त्यांची माहिती एका निराळ्या वहींत उतरून ठेवीत. वही मोठी सुबक असे. परंतु ती एकदां गहाळ झाली कीं शेकडों छायाचित्रें एकाच दिवशीं निनांवी होत.

आज घरांतील छायाचित्रें संगणकांत आणि मोबाइलमध्यें सांठलेलीं असतात, आणि तीं लावून ठेवण्यासाठीं अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. कोणतें घ्यावें याची चौकशी करणारा गृहस्थ बहुधा किंमत विचारतो, पडद्यावरील देखणेपणा पाहतो, आणि अखेर शेजाऱ्याकडे जें असेल तेंच घेतो. वास्तविक पहिला प्रश्न निराळाच आहे. तो असा कीं, हें साधन आपण दिलेली माहिती चित्राच्या पाठीवर लिहितें, कीं स्वतःच्या निराळ्या वहींत?

हा प्रश्न विशेष निकडीचा होण्याचें कारण असें कीं, एका घरांतील छायाचित्रें आतां एका कॅमेऱ्यांतून येत नाहींत. वडिलांचा जुना डिजिटल कॅमेरा, मुलाचा नवा मोठा कॅमेरा, घरांतील प्रत्येकाचा मोबाइल, शिवाय कार्यप्रसंगीं पाहुण्यांनीं पाठविलेलीं चित्रें, असा चहूंकडून ओघ येतो आणि तो सारा एका फोल्डरांत ओतला जातो. तेथें पहिली गांठ पडते ती नांवांची. कॅमेऱ्यांतील चित्रांना नांवें कशीं द्यावीं याचा डीसीएफ नांवाचा एक नियम जपानमधील उद्योजकांच्या संघटनेनें १९९८ सालीं ठरविला. त्यानुसार नांवांत आठ चिन्हें असतात. पहिलीं चार कॅमेरा ठरवितो आणि शेवटचे चार अंक ०००१ पासून ९९९९ पर्यंत चढत जातात. त्यापुढें पुन्हां ०००१. अर्थात् एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घरांत असले तर एकाच नांवाचीं दोन चित्रें निघणें हें ठरलेलेंच. किंबहुना एकच कॅमेरा दहा वर्षें वापरला तरी तोच प्रकार होतो. दोन्ही एका फोल्डरांत घालतांना, जुनें काढून त्या जागीं नवें ठेवूं काय, असें संगणक विचारतो. घाईघाईनें होकार दिला कीं बारशाचें एक चित्र कायमचें गेलें. म्हणून चित्रें आंत घेतांनाच प्रत्येकाला तारीख, वेळ व कॅमेऱ्याचें नांव यांवरून नवें नांव देणारें सॉफ्टवेअर असावें. बहुतेक चांगल्या साधनांत ही सोय असते. ती आपण होऊन चालू नसते एवढेंच.

दुसरी गांठ घड्याळांची, आणि ती अधिक कठीण. समजा, डिसेंबरांत पुण्यास एक लग्न आहे आणि वधूचे मामा त्यासाठीं कॅलिफोर्नियाहून आले आहेत. मोबाइल विमानांतून उतरतांच आपली वेळ दुरुस्त करून घेतो. मामांच्या गळ्यांतील कॅमेरा मात्र तिकडच्याच वेळेवर चालत राहतो, आणि हिवाळ्यांत तिकडील घड्याळ भारताच्या साडेतेरा तास मागें असतें. पुढें सर्वांचीं चित्रें एकत्र करून वेळेच्या अनुक्रमानें लावलीं म्हणजे काय दिसतें? आदल्या दिवशीं सायंकाळीं सीमांतपूजन होतें. त्याच रात्रीं साडेनऊ वाजतां अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच विवाहित वधूला हळद लागते. मामांनीं काढलेलें प्रत्येक चित्र खरें, परंतु सर्व मिळून इतिहास खोटा!

याचें मूळ असें आहे. चित्र टिपतांना कॅमेरा त्या फाइलींतच तारीख, वेळ आणि स्वतःचें नांव लिहून ठेवतो. या टिपणास एक्झिफ म्हणतात. त्याची पहिली आवृत्ति १९९५ सालीं जपानांत तयार झाली. परंतु ती वेळ कोणत्या देशाची, हें लिहिण्यास त्यांत कित्येक वर्षें जागाच नव्हती; ती २०१६ सालच्या आवृत्तींत ठेवण्यांत आली. जुने कॅमेरे ती जागा अर्थातच भरीत नाहींत. तेव्हां एका विशिष्ट कॅमेऱ्याचीं सारीं चित्रें निवडून त्यांची वेळ एकदम साडेतेरा तास पुढें सरकविण्याची शक्ति सॉफ्टवेअरमध्यें असलीच पाहिजे. कॅमेऱ्याचें नांव प्रत्येक चित्रांत असल्यामुळें निवड करणें सोपें जातें. फरक साडेतेरा तासांचा आहे हें तर्कानें कळतें, पण कॅमेरा शिवाय सहा मिनिटें मागें असेल तें कसें कळावें? त्याला एक नामी युक्ति आहे. कार्याच्या आरंभीं प्रत्येक कॅमेऱ्यानें एकाच मोबाइलवरील सेकंदकांट्याच्या घड्याळाचें चित्र घ्यावें. पुढें चित्रांतील घड्याळ आणि एक्झिफमधील वेळ यांची वजाबाकी केली कीं झालें. ही काळजी आधीं घेतली नसेल, तर सर्वांनीं टिपलेला एकच क्षण शोधावा. मराठी लग्नांत असा क्षण मुद्दाम शोधावा लागत नाहीं. अंतरपाट दूर होतांना सारे कॅमेरे एकदमच चालतात.

येथें व्हॉट्सअ‍ॅपविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. त्यावरून नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र लहान तर होतेंच, पण त्यांतील एक्झिफचें टिपणहि गळून पडतें. उरते ती चित्र येऊन पोंचल्याची तारीख. म्हणून पाहुण्यांना विनंति करावयाची ती अशी कीं, चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एवढ्यानें मूळ फाइल जशीच्या तशी मिळते.

आतां पाठ आणि वही यांच्या प्रश्नाकडे वळावें. नांवें, प्रसंग, स्थळ हें सारें चित्राच्या फाइलींतच लिहितां यावें यासाठीं एक्सएमपी नांवाची रीति अ‍ॅडोबी कंपनीनें २००१ सालीं प्रसृत केली, आणि २०१२ सालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ही चित्राची पाठ होय. जें सॉफ्टवेअर तेथें लिहितें, त्याचें लिखाण दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचतां येतें. जें केवळ आपल्या डेटाबेसमध्यें लिहितें, त्याची वही त्याच्याबरोबरच जाते.

आणि साधनें जातात. पिकासा हें सॉफ्टवेअर एके काळीं कित्येक घरांत होतें. गूगलनें तें २००४ सालीं घेतलें, फुकट दिलें, आणि मार्च २०१६ मध्यें बंद केलें. त्यांत लिहिलेल्या चित्रांखालील ओळी फाइलींत राहत असल्यामुळें वांचल्या. परंतु आवडत्या चित्रांना दिलेले तारे आणि आल्बमांची मांडणी हीं निराळ्या, दृष्टीआड असलेल्या फाइलींत होतीं. ज्यांनीं केवळ चित्रें नव्या संगणकावर नेलीं, त्यांच्या हातीं चित्रें आलीं आणि निवडानिवडीचे श्रम मागें राहिले. फुकटच्या वस्तूची हीच गति, असें कोणी म्हणेल. तर अ‍ॅपलचें अ‍ॅपर्चर हें पैसे देऊन घेण्याचें साधन होतें. २००५ सालीं तें निघालें, २०१५ सालीं त्याची विक्री थांबली, आणि २०१९ सालच्या मॅकच्या नव्या प्रणालीवर तें चालेनासें झालें. तात्पर्य, किंमत मोजली म्हणून आयुष्य वाढत नाहीं.

सध्यां प्रचारांत असलेल्या साधनांकडे याच दृष्टीनें पाहिलें तर निवड बरीच सुकर होते. गूगल फोटोज २०१५ सालीं सुरू झालें. शोध घेण्याच्या कामीं त्याचा हात धरणारें दुसरें साधन मिळणें कठीण. समुद्र म्हटलें कीं तें समुद्राचीं चित्रें पुढें ठेवतें. परंतु अमर्याद विनामूल्य सांठवण १ जून २०२१ पासून संपली, आणि सारा संग्रह परत मागितला असतां तेथें लिहिलेली माहिती चित्रांबरोबर निराळ्या लहान लहान फाइलींत मिळते. ती पुन्हां जोडण्याचें काम ज्याचें त्यानें करावें. अ‍ॅपलचें फोटोज हें अ‍ॅपलच्याच यंत्रांवर नांदणाऱ्या कुटुंबास सोयीचें आहे. पण त्याचीहि वही निराळी, आणि चित्रें बाहेर काढतांना माहिती सोबत देण्याचा पर्याय आठवणीनें निवडावा लागतो. ज्याला चित्रांवर रंग-प्रकाशाचे संस्कार करावयाचे आहेत त्याला अ‍ॅडोबीचें लाइटरूम क्लासिक उत्तम. मात्र २०१७ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात, आणि तेंहि प्रथम आपल्या कॅटलॉगमध्येंच लिहितें. बदल एक्सएमपीमध्यें आपोआप लिहावेत ही सूचना वापरणारानें मुद्दाम चालू करावी लागते. तेवढें केलें तर तक्रारीला जागा नाहीं.

सामान्य कुटुंबास, ज्याच्याकडे एक संगणक आणि चार-पांच कॅमेरे आहेत, डिजिकॅम हें सॉफ्टवेअर अधिक मानवेल. २००१ सालीं सुरू झालेलें हें काम स्वयंसेवकांचें आहे. तें विनामूल्य मिळतें, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतें, चित्रांना नवीं नांवें देतें, वेळ सरकवितें, आणि सांगितल्यास माहिती फाइलींतच लिहितें. चेहरे ओळखण्याचें कामहि तें घरच्याच संगणकावर करितें; चित्रें परक्याच्या हातीं जात नाहींत. त्याचें रूप किंचित् रुक्ष आहे आणि पहिल्या आठवड्यांत त्याच्या असंख्य पर्यायांनीं माणूस गांगरतो, हें मान्य केलें पाहिजे. तथापि देखणेपणासाठीं मोबाइलवर गूगल फोटोज ठेवावयास कोणाचीच हरकत नाहीं. मूळ संग्रह तेवढा तेथें एकटा नसावा.

प्रतींविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला नियम पुरेसा आहे: प्रति तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. भावाच्या घरीं ठेवलेली हार्ड डिस्क हीहि घराबाहेरचीच.

सॉफ्टवेअर कोणतेंहि असो, एक काम तें करूं शकत नाहीं. एकच चेहरा दोनशें चित्रांत आहे हें तें ओळखतें; तो चेहरा कोणाचा, हें माणसालाच सांगावें लागतें. ज्या घरांत जुनीं कागदी छायाचित्रें स्कॅन करून संगणकांत घातलेलीं आहेत, तेथें ही गोष्ट फार जाणवते. पहिली अडचण तारखेची. १९६२ सालच्या मुंजीचें चित्र २०२४ सालीं स्कॅन केलें तर बहुधा २०२४ चीच तारीख घेऊन बसतें, आणि ती हातानें बदलावी लागते. परंतु तारखेपेक्षां नांवांचा प्रश्न मोठा. मागच्या रांगेंतील डावीकडून तिसरी, नऊवारी नेसलेली, कपाळावर आडवें कुंकू असलेली स्त्री कोण, हें त्या घरांत आतां एकट्या आजींनाच ठाऊक असतें. त्यांना दुपारच्या वेळीं संगणकाशेजारीं खुर्ची देऊन बसवावें, चित्र मोठें करून दाखवावें, आणि त्या सांगतील तें तेथल्या तेथें टंकून घ्यावें. एका बैठकींत वीसच चित्रें होतील; त्या मध्येंच भलत्याच गोष्टीकडे वळतील, त्याहि ऐकून घ्याव्या. कोणतें सॉफ्टवेअर सरस याचा वादविवाद घरांत सहा महिने चालला तरी चालेल, पण ही बैठक सहा महिने पुढें ढकलूं नये. नांवें तोंवर साध्या कागदावर चित्राच्या क्रमांकापुढें लिहिलीं तरी पुरे. तीं फाइलींत पुढें केव्हांहि घालतां येतात.

निवड कायम करण्यापूर्वीं मात्र एक परीक्षा घ्यावी. सारा संग्रह एकदम नव्या साधनाच्या स्वाधीन न करितां एकाच प्रसंगाचीं शंभर चित्रें घ्यावीं, तीं निदान तीन कॅमेऱ्यांचीं असावीं. त्यांच्या वेळा जुळवाव्या, चारदोन माणसांना नांवें द्यावीं, कांहीं चित्रांखालीं देवनागरींत एखादी ओळ लिहावी. नंतर तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर न्यावा आणि निराळ्याच सॉफ्टवेअरनें उघडावा. हळद, अक्षता, सप्तपदी असा क्रम तेथेंहि लागला आणि मराठी ओळ जशीच्या तशी वाचतां आली, तर उरलेलीं चित्रें त्याच साधनांत घालण्यास हरकत नाहीं. ओळीच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर माहिती कोठें व कशी लिहावी याचे पर्याय पुन्हां तपासावे आणि तींच शंभर चित्रें घेऊन परीक्षा दुसऱ्यांदां करावी.